राखीला धनुष्य देऊ नकोस

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून थोडक्यात देते.

"ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय २४. शेती आणि दूधधंदा करतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. कोपर वाचलं, त्याच्याखाली चार बोटांच्या रुंदीएवढा हात राहिला. अडकलेली वैरण ती काढत होती आणि बटण मी दाबलं. आता ती अकरावीला आहे. वर्षभरापूर्वी तिनं मोबाइलवर हात नसलेल्या तिरंदाज शीतल देवीचा व्हिडिओ बघितला. तेव्हापासून परसात बांबूचं धनुष्य करून, दोरी दातांत धरून बाण सोडत बसते. आण्णा म्हणतात, हात गेलाच आहे, आता दातही घालवेल, त्यापेक्षा स्थळं बघू. आई काही बोलत नाही. मी ठरवलंय, तिला खरं कंपाउंड धनुष्य घ्यायचं. ऑनलाइन सगळ्या सामानासकट दोन लाख चाळीस हजार सांगतात. एक म्हैस विकतो, बाकीचे सोसायटीतून उचलतो. तिला अजून सांगितलेलं नाही, राखीपौर्णिमेला हातात ठेवायचं आहे. ताई, एवढंच सांगा, कोणतं घेऊ? आणि ती ऑलिंपिकपर्यंत जाईल ना? — एक भाऊ"

प्रिय भाऊ,

माझ्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करते. बहिणीला आपण इथे साक्षी म्हणू.

कोणतंच घेऊ नकोस. म्हैस दावणीलाच राहू दे.

आता रागावून पान उलटू नकोस, कारणं सांगते. मी तीस वर्षं फिजिओथेरपी केली आणि त्यातली शेवटची सात-आठ तिरंदाजीच्या मैदानाच्या कडेला काढली. कुणाचा खांदा, कुणाची मान, कुणाची कंबर. त्यामुळे धनुष्य विकणाऱ्यापेक्षा धनुष्याखाली काय मोडतं ते मला जास्त ठाऊक आहे.

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, हे मापाचं काम आहे. ओढणाऱ्याचा हात किती लांब जातो, म्हणजे ड्रॉ लेंथ, त्यावर त्याची चाकं बसवलेली असतात. किती पौंडांचं वजन झेपतं ते वेगळं ठरतं. डावखुऱ्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. आणि साक्षीच्या बाबतीत तर ती दोरी कशानं ओढणार हेच अजून ठरलेलं नाही. दातांनी ओढली तर एक माप, कोपरानं ओढली तर दुसरं, खांद्यावर पट्टा बांधला तर तिसरं. आपण चप्पलसुद्धा पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही. तू तर अंदाजानं दोन लाख चाळीस हजारांचं माप घेऊन येणार.

शिवाय राखीच्या दिवशी तुझ्या घरात काय होईल ते मला इथून दिसतंय. मामा, आत्या, त्यांची पोरं. खोकं उघडलं की प्रत्येकाला एकदा ओढून बघायचं असणार. त्यातला एकजण बाण न लावता दोरी सोडणार. याला मैदानावर ड्राय फायर म्हणतात. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच फुटते. दोरी तुटते, चाक वाकतं, पात्याला चीर जाते, कधी तुकडा तोंडावर येतो. दुकानदार त्याची भरपाई देत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद वाटून होईपर्यंत म्हैस गेलेली असेल.

आता साक्षीच्या हाताकडे येऊ. उजव्या हाताचा तिरंदाज धनुष्य डाव्या हातात धरतो आणि दोरी उजव्यानं ओढतो. म्हणजे तिचा धरायचा हात शाबूत आहे, ओढायचा गेलाय. आणि कोपर आहे! तुझ्या पत्रात हे वाक्य तू दुःखानं लिहिलंयस, मी ते दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. कुठल्याही चांगल्या कोचकडे जा, तो नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून एकच सांगत असतो, "बोटांनी नको, कोपरानं ओढ." बोटं म्हणजे नुसता दोरी अडकवायचा आकडा. खरी ओढ पाठीतून, खांद्याच्या फऱ्यामागून येते आणि कोपरातून जाते. साक्षीची ती साखळी कोपरापर्यंत अखंड आहे. खाली उरलेल्या चार बोटांएवढ्या हातावर चामड्याचा घट्ट कफ बसवून त्याला रिलीज जोडता येतं. रिलीज म्हणजे दोरी पकडून ठेवणारा आणि वेळ आली की सोडणारा खटका. बोटांनी दाबायचा असतो तसाच ठरावीक ताण आला की आपोआप सुटणाराही मिळतो. असा एक कफ मी एका चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतलेला पाहिलाय. कृत्रिम अवयव बनवणारा माणूस आणि तो, दोघं एका बाकावर बसले होते आणि कारागिराचंच जास्त चाललं होतं.

दातांचा मार्गही खोटा नाही. अमेरिकेचा एरिक बेनेट उजवा हात गमावल्यावर दोरी तोंडानं ओढायला शिकला आणि एकाहून जास्त पॅरालिंपिक, म्हणजे दिव्यांगांची ऑलिंपिक, खेळला. पण तो दोरी थेट दातांत धरत नाही. दोरीला पट्टीचा एक तुकडा बांधलेला असतो, तो दाढांमध्ये धरायचा, पुढच्या दातांत नाही. तेव्हा आण्णा जे बोलले ते टोचून बोलले असतील, पण चुकीचं बोलले नाहीत. हिशेब करून बघ. ४० पौंडांचं धनुष्य म्हणजे साधारण १८ किलोची ओढ. स्पर्धेची रँकिंग फेरी, म्हणजे क्रमवारी ठरवणारी पहिली फेरी, ७२ बाणांची. बहात्तर गुणिले अठरा, म्हणजे जवळपास १३ क्विंटल. एवढा माल एका सकाळी जबड्यानं आणि मानेनं ओढायचा. सरावाचे बाण वेगळेच. सतरा वर्षांच्या पोरीनं परसात, कुणी बघायला नसताना, नायलॉनची दोरी पुढच्या दातांत धरून हे चालवलंय. ते आजपासून बंद कर. म्हणजे तू बंद करू नकोस, तिला कारण सांग, ती करेल. आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे ने.

इथे कंपाउंडचा एक फायदा आहे, म्हणून तुझी निवड अगदीच चुकलेली नाही. त्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर बहुतेक वजन सुटतं. ८० टक्के सुटलं तर ४० पौंडांतले ८ पौंड धरून ठेवायचे उरतात, साडेतीन किलोच्या आसपास. रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याला, ही सवलत नाही. ते जितकं ओढाल तितकं जड होतं. पॅरा स्पर्धेत दोन्ही प्रकार आहेत. रिकर्व्ह ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर, कंपाउंड ५० मीटरवरून ८० सेंटिमीटरच्या. कंपाउंडमध्ये दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं असतं, चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढं. ५० मीटर म्हणजे तुमच्या गोठ्यापासून रस्त्यापर्यंत धर.

साक्षीनं जिला बघितलं ती शीतल या पेल्यात बाण कसा घालते ते तू नीट पाहिलंयस का? पुन्हा लाव आणि आवाज बंद करून बघ. मागचं संगीत गेलं की काम दिसतं. ती खुर्चीवर बसते. उजव्या पायाच्या बोटांनी धनुष्याची मूठ धरते, पाय खांद्याच्या उंचीला येतो. दोरी उजव्या खांद्याला बांधलेल्या रिलीजमध्ये अडकते. मग पाय पुढे ढकलते आणि खांदा मागे घेते, तेव्हा धनुष्य उघडतं. खटका सुटतो जबड्याच्या हालचालीनं. दोन्ही हात जन्मापासून नाहीत. जम्मूतल्या किश्तवाडच्या डोंगरातली पोर, झाडावर चढायची, त्यामुळे पायांत आणि पाठीत जोर. आधी कृत्रिम हातांचा विचार झाला होता, ते जमलं नाही. २०२२ मध्ये कटऱ्याला अभिलाषा चौधरी आणि कुलदीप वेदवान या कोचांकडे आली तेव्हा हात नसलेलं कुणी त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. अमेरिकेचा मॅट स्टुट्झमन पायानं धनुष्य धरतो, लंडन २०१२ ला त्याला रौप्य मिळालं होतं. म्हणजे वाट पडलेली होती, पण शीतलच्या शरीराला बसेल असा पट्टा, अशी खुर्ची, असा खटका त्यांना नव्यानं जुळवावा लागला. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं दोन सुवर्ण आणि एक रौप्य घेतलं.

या व्हिडिओंनी एक गोंधळ मात्र केलाय. साक्षीला वाटतं दात हीच युक्ती आहे. प्रत्येक शरीराची जोडणी वेगळी असते. शीतलला कोपर नाही, म्हणून तिनं खांदा आणि जबडा वापरला. साक्षीला कोपर आहे. तिनं आधी ते वापरून बघावं.

खर्च शून्य रुपये अशी एक चाचणी आजच कर. साक्षीला दोन्ही डोळे उघडे ठेवून डावा हात लांब करायला सांग आणि अंगठ्यानं लांबचा एखादा दिवा झाकायला सांग. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं बघताना दिवा अंगठ्यामागेच राहतो तो तिचा मुख्य डोळा. उजवा निघाला तर सगळं सरळ. डावा निघाला तर कोचला आधी सांगायचं, कारण मग नेम धरायची पद्धत बदलते, कदाचित धनुष्य उजव्या बाजूला कृत्रिम हातावर पेलायचा विचारही करावा लागतो. बघ, हे कळायच्या आधी तू उजव्याचं धनुष्य मागवणार होतास.

दुसरं, तिचा शर्ट पाठीवरून सपाट ओढून मागून फोटो काढ. एक हात हलका झाला की तीन वर्षांत तो खांदा वर चढतो, कणा थोडा कलतो. गावात कुणी सांगत नाही. तो फोटो घेऊन सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात जा. हाताच्या टोकाला झटके, मुंग्या येतात का तेही तिला विचार. कफ बसणार तो तिथेच. मग रबरी पट्ट्यानं पाठीचे व्यायाम, निदान दोन महिने. कंटाळवाणे असतात. तरी करायचे, कारण मी एकदा केले नव्हते, म्हणजे करून घेतले नव्हते. एक मुलगा होता, पायानं अधू, खांद्यानं बैल. स्पर्धा तोंडावर होती. त्याला जड धनुष्य द्यावं असं कोचनं विचारलं आणि मी "चालेल" म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात त्याचा खांदा दुखावला, चार महिने गेले, स्पर्धा तर गेलीच. तो मला अजून दिवाळीला फोन करतो. मला अजून लाज वाटते.

मग शिकायचं कुठे? तुमच्या शेजारचं सातारा हे तिरंदाजीचं गाव झालंय. २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडची जगज्जेती ठरलेली अदिती स्वामी तिथलीच, तेव्हा ती १७ वर्षांची होती, साक्षीएवढीच. ती पॅरा खेळाडू नाही. पण धनुष्य, टार्गेट, अंतर, कोच सगळं तेच असतं, फरक जोडणीचा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, तिरंदाजी संघटनेचा माणूस गाठ, जवळच्या मैदानावर जाऊन उभा राहा आणि विचार, "एका हाताची मुलगी आहे, बघाल का?" दोन ठिकाणी नाही म्हणतील. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी डोकं खाजवत विचारील, "कोपर आहे का?" तिथे थांब. बहुतेक मैदानांवर नवशिक्यांसाठी सामायिक धनुष्यं असतात, सहा-आठ महिने तीच पुरतात. पहिले कित्येक आठवडे तर पाच मीटरवरून कोऱ्या बटवर, म्हणजे बाण रुतायच्या गादीवर, नुसतं सोडायला शिकवतात, नेम धरूच देत नाहीत.

घरी सराव हवाच असेल तर जुन्या साड्या आणि चिंध्या ठासून भरलेलं पोतं, हलकं धनुष्य, पाच-दहा पावलं. बस. पुढे जमलं तर रान आहेच की तुझ्याकडे. हरयाणातल्या कैथलच्या हरविंदर सिंगनं लॉकडाउनमध्ये तेच केलं होतं. मैदानं बंद झाली, तेव्हा पीक निघालेल्या शेतात वडिलांनी त्याला रेंज, म्हणजे सरावाची जागा, करून दिली. तान्हा असताना डेंग्यूवरच्या इंजेक्शनानंतर त्याचे पाय अधू झाले होते. त्या शेतात सराव करून तो टोकियोला गेला आणि २०२१ मध्ये कांस्य आणलं, पॅरालिंपिकच्या तिरंदाजीतलं भारताचं पहिलं पदक. पॅरिसला २०२४ मध्ये अंतिम लढत ६-० नं मारून सुवर्ण. रिकर्व्हमध्ये. वडिलांनी दिलं ते रान दिलं, हे लक्षात ठेव. फक्त रानात एक काळजी घे. कंपाउंडचा चुकलेला बाण दोनशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. मागे मातीचा उंच बांध हवा. पायवाट, विहीर, चरणारी गुरं त्या रेषेत नकोत.

आता कागदांचं. तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर आधी ते. मात्र एक गैरसमज मी दर वर्षी निस्तरते, तो इथेच निस्तरते. सरकारी प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि खेळातला गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्केवारी बसच्या पासाला, शिष्यवृत्तीला, नोकरीला. मैदानावर क्लासिफायर नावाचे तज्ज्ञ स्वतः तपासतात. स्नायूंची ताकद, सांधे किती वळतात, कोणता अवयव किती आहे, आणि मग प्रत्यक्ष बाण सोडताना बघतात. चाकाच्या खुर्चीतले आणि हातांतही कमजोरी असलेले खेळाडू डब्ल्यू-वन गटात जातात. आपल्या भिवंडीचे आदिल अन्सारी त्या गटातले, हांगझोऊला नवीन दलालबरोबर दुहेरीत कांस्य मिळवलं. बाकीचे ओपन गटात, खुर्चीत बसून किंवा उभं राहून. साक्षी बहुधा ओपनमध्ये उभी राहून खेळेल. पण शेवटचा शब्द क्लासिफायरचा. ७० टक्क्यांचं प्रमाणपत्र असून गटात न बसलेली माणसं मी मैदानाबाहेर रडताना पाहिली आहेत. आणि कफ, रिलीज, तोंडातली पट्टी, जे काही वापरणार ते मंजूर होऊन तिच्या खेळातल्या गटाच्या कार्डावर नोंदलेलं असावं लागतं. म्हणून पुन्हा सांगते, सामान शेवटी.

स्पर्धेचं नाव सांगून पैसे मागणारेही भेटतील. "राष्ट्रीय" शब्द फलकावर कुणीही रंगवतं. पावती फाडण्याआधी विचारायचं, या स्पर्धेतून भारतीय संघाच्या निवडीपर्यंत जाता येतं का, आणि हे सर्टिफिकेट क्रीडा खात्यात पडताळणीला चालतं का? उत्तर गोलमाल आलं तर चहा पिऊन घरी यायचं. सरकारी बाजूनं खेलो इंडिया पॅरा गेम्स आहेत, त्यातल्या पहिल्यावहिल्या २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत झाल्या, त्यात तिरंदाजी होती.

ऑलिंपिकचं विचारलंस. तिचं मैदान पॅरालिंपिक. तिरंदाजीत दोन्ही खेळलेल्या बायकाही आहेत. न्यूझीलंडची नेरोली फेअरहॉल १९८४ ला चाकाच्या खुर्चीतून ऑलिंपिक खेळली, इराणची झहरा नेमाती रिओला २०१६ मध्ये दोन्हीकडे उतरली. शीतल स्वतः २०२५ च्या अखेरीस धडधाकट खेळाडूंच्या निवड चाचणीत तिसरी आली आणि आशिया चषकासाठी भारताच्या ज्युनिअर संघात निवडली गेली. पण साक्षी जाईल का, हे मी सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा. याच शीतलनं पॅरिसला रँकिंग फेरीत ७२० पैकी ७०३ गुण घेतले. बहात्तर बाणांत सतराच गुण सुटले. आणि दोन दिवसांनी एकेरीत १३७-१३८ अशी एका गुणानं बाहेर पडली. मिश्र दुहेरीत राकेश कुमारबरोबर कांस्य मिळालं. पुढच्या वर्षी ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत, ज्या ओझनूर ज्युरेनं पॅरिसला तिच्याहून एकच गुण जास्त, ७०४ मारले होते, तिलाच १४६-१४३ नं हरवून ती जगज्जेती झाली. एका गुणानं हरल्यावर परत येऊन रबरी पट्टा ओढायचा, हा या खेळातला रोजचा दिवस. साक्षीला तो आवडतो का, ते सहा महिन्यांत कळेल.

आणि नाही आवडला तर? तर सोडून देऊ दे की. तेव्हा कुणी "तुझ्यासाठी म्हैस विकली" म्हणायला नको. तू म्हणणार नाहीस. पण गोठ्यातली रिकामी जागा रोज म्हणेल.

आण्णांशी मी असते तर वाद घातला नसता. दातांबद्दल त्यांचं बरोबर आहे, हे आधी कबूल केलं असतं, माणूस अर्धा तिथेच उतरतो. मग हिशेबाचं बोलले असते. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण, राज्यात खेळाडूंना ५ टक्के. खेळाचं आरक्षण ठरावीक स्पर्धांतल्या पदकावरच मिळतं, सर्टिफिकेट विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे तपासलं जातं, तेव्हा ते लांबचं आहे. पहिलं मात्र तिच्या हातात आहे, शिकली तर. बारावी सोडवून उरकलेलं लग्न कुठल्याच हिशेबात बसत नाही. आणि जाता जाता, तेव्हा शेतकरी अपघात योजनेचा अर्ज केला होता का? सध्याच्या गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेत एक अवयव गेल्यास एक लाख रुपये असतात. मुदत कधीच उलटली असेल, तरी तालुका कृषी कार्यालयात एकदा विचारून ये.

आता जे तू विचारलं नाहीस ते.

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. आण्णा त्यात बोलतात, आईचं न बोलणं आहे, दुकानदाराचा भाव आहे. साक्षीचं एकही वाक्य नाही. ती बाण सोडते, व्हिडिओ बघते, अकरावीला जाते, पण बोलत नाही. बटणाचं वाक्य मात्र तू चार पानांत तीनदा लिहिलंयस.

तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. मी तिथे नव्हते, आणि तुला ते आजवर पन्नास जणांनी सांगितलं असेल, त्यानं काही हललेलं दिसत नाही. मी एवढंच विचारते, ती कुट्टी अजून गोठ्यात तशीच चालते का? वैरण घालायच्या तोंडावर लांब पत्र्याचं गार्ड बसवलंस का? बटण वैरण घालणाऱ्याच्या हाताशी आणलंस का? नसेल तर या आठवड्यात वेल्डरकडे जा. राखीला द्यायचंच असेल तर ते दे. गुंडाळून नाही देता येणार, पण तिला दिसेल.

आणि त्या दिवसाबद्दल तिच्याशी एकदा बोल. मी वॉर्डात बघितलंय, अपघात झालेलं माणूस आणि अपघात घडवलेलं माणूस एका घरात वर्षानुवर्षं राहतात, एका ताटात जेवतात आणि त्या एका मिनिटाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मग एक जण देत सुटतो, दुसऱ्याला घेत राहावं लागतं. दोघंही दमतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी कण्याला मार बसलेल्या सैनिकांच्या हातात धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली आणि पॅरालिंपिकची सुरुवात तिथून धरतात. फिजिओ म्हणून मला त्यातलं एवढंच आवडतं की बरं करणाऱ्यानं धनुष्य दिलं आणि स्वतः मागे सरून उभा राहिला. बाण लागला की नाही, ही त्या सोळा जणांची भानगड.

तेव्हा राखीला तिला सांग, "तुला शिकायचं असेल तर रविवारी मोटारसायकलवर मैदानावर नेऊन सोडतो." ती हो म्हणाली तर ने. लाजली, नको म्हणाली, विचार करते म्हणाली, तर पुन्हा महिन्यानं विचार. मैदानावर कोचशी तिलाच बोलू दे, तू गाडीपाशी थांब. जड जाईल.

दिव्याची आणि अंगठ्याची चाचणी आज रात्रीच करा. कोणता डोळा निघाला ते मला कळवा. पण ते पत्र तू लिहू नकोस, साक्षीला लिहू दे. अकरावीला आहे म्हणजे तीन वर्षांत डाव्या हाताचं अक्षर बसलं असेल, मला बघायचंय.

तुझी,
ताई